वसुलीवाला आणि आमची घरची भाषा

वसुलीवाल्याला दारातून कसं परतवावं हे शिकायचं असेल, तर तंजावुरास माझ्याकडे यावं! गेल्या शुक्रवारपर्यंत मी असं छातीठोक सांगत असे.

आम्हा इथल्या मराठी माणसांपाशी एक हत्यार आहे. चारचौघांत तमिळ बोलायचं आणि गुपित आलं की हळूच मराठीत शिरायचं, मासोळीनं कमळाच्या पानाखाली शिरावं तसं. दुकानदारासमोर ‘लुबाडतोय मेला’ म्हणावं, आणि त्यानं हसून आणखी एक साडी उलगडावी!

आता मुद्द्याचं. हॉलमधला एसी मी कर्ज काढून घेतला, आणि पापनाशमच्या सासऱ्यांना, हनुमंतरावांना, सांगितलं की रोख घेतला. कर्जाला शिवत नाही या एकाच गुणावर त्यांनी मला मुलगी दिली होती. दुसरा गुण त्यांना अजून सापडलेला नाही. हा एक गेला की जावई संपला!

शुक्रवारी सासरे मुक्कामाला होते. ते न्हाणीघरात शिरले आणि इकडे थकलेल्या हप्त्यासाठी वसुलीवाला हजर. कोवळा पोरगा, कपाळी विभूती, गळ्यात ओळखपत्र. त्यावर नाव, साईराम. मी त्याला तमिळमध्ये गोड बोलून बसवलं आणि बायकोला, विशालाक्षीला, त्याच्यासमोरच ऐसपैस मराठीत बजावलं, “तांदळाच्या डब्यातले पैसे बाहेर काढू नकोस. बाबा आले की हा माझा ऑफिसातला मित्र. चेहऱ्यावरून बावळट दिसतोय, निभावेल.”

पोरगा नम्रपणे हसला. ओळखपत्र आपणहून खिशात घातलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

सासरे आले. मित्राची ओळख झाली. त्यांनी तमिळमध्ये गाव आणि घरचं कोण-कोण ते विचारलं. साईरामनं कॉफी खाली ठेवली आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, “कुंभकोणम, आजोबा. आईचं नाव अखिला.”

माझ्या कानांत वैशाख पेटला. सासरे मात्र सुगीच्या शेतासारखे डोलू लागले. अखिला त्यांच्या चुलतभावाची लेक निघाली! म्हणजे विशालाक्षी मावशी, आणि मी काका.

आता आमच्यात रीत अशी, की नात्यातलं पोर पहिल्यांदा घरी आलं की मोठ्यांच्या पाया पडतं आणि मोठे त्याच्या हाती विड्यासोबत पैसे ठेवतात. साईराम साष्टांग पडला. मी खिशातून एक चुरगळलेली नोट काढली. सासऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की दुसरा गुण सापडण्याची आशाच मावळली.

जमिनीला कपाळ टेकलेल्या साईरामचा हळुवार आवाज आला, “काका, डब्यातले दिलेत तरी चालतील.”

सासऱ्यांना वाटलं, डबा म्हणजे विड्याचा. विशालाक्षी पदरात तोंड लपवून आत गेली आणि हप्त्याची अख्खी रक्कम पानावर ठेवून घेऊन आली.

पण मी खूश होतो. हप्ता गेला, अब्रू राहिली! साईरामला पोचवायला कोपऱ्यापर्यंत गेलो आणि हळूच पावती मागितली.

“आशीर्वादाची पावती कशी देऊ, काका?” तो खरंच गोंधळला होता. “हप्त्यासाठी सोमवारी येतो. आजोबांनी जेवायलाच बोलावलंय.”

मी मान डोलावली. घरच्या माणसाशी हुज्जत घालायची तरी कुठल्या भाषेत?