साळूबाईचे खपलीवाले बटाटे

बाई म्हणाल्या, पोरांना गोष्ट सांगा. मी चौथीत शाळा सोडली ती गोष्टी ऐकून कंटाळलो म्हणून. आता सांगायला बसवलंय. बसा गप. नाक ओढू नका.

तर जंगल होतं एक. तिथं साळूबाई राहायची. अंगभर काटे, जिभेलाही. तिनं बटाटे लावले.

जंगलाची रीत अशी, की सगळ्यांचं पीक एकाच गुहेत ठेवायचं. ज्याचं पीक गुहेत, त्याला उन्हाळ्यात वाटा. ज्याचं नाही, त्यानं पोरांना काय घालायचं ते त्याचं त्यानं बघावं. गुहेच्या तोंडाशी मोर बसायचा, पीक पारखायला. मोरच का? दिसायला बरा होता म्हणून.

साळूबाईनं पाटी पुढं केली. बटाट्यांच्या सालीवर खपल्याच खपल्या.

मोर तीन पावलं मागं सरला. "अगं, यांना खरूज झालीय!"

"सालीला झालीय. सोलून बघ की आत."

"सोलून बघायची पद्धत नाही आपल्यात. ने बाहेर."

"आणि माझी चार पिल्लं?"

"पुढचा!" मोर ओरडला.

पुढचं अस्वल होतं. त्याचे बटाटे गुळगुळीत, नुसती माती लागलेली. मोरानं ते ओढ्यावर धुवायला लावले. मग सगळ्यांचेच लावले. ओलेच गुहेत रचले. काय चमकत होते! अख्खं जंगल बघायला आलं.

साळूबाईनं काय केलं? कापलेले, चेपलेले बटाटे त्याच दिवशी शिजवले. बाकीचे न धुता सावलीत सुकवले, बिळात कोरड्या वाळूवर पसरले. आणि येताजाता मोराला शिव्या दिल्या. तेवढं लागतंच.

उन्हाळ्यात गुहा उघडली. आत बटाटे नव्हते. चिखल होता, आणि वास.

"साळूची खरूज लागली," मोर म्हणाला.

"तिचे आत आलेच कुठं?" अस्वलानं विचारलं.

"लांबून लागली."

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि साळूबाईच्या दारात रांग लावली. पोरं सगळ्यांचीच रडत होती. तिनं दिले, पण बोलून बोलून दिले. खपली सालीबरोबर निघाली. आत पांढरेशुभ्र. मोरानं पाच खाल्ले, चोच पुसली.

"चवीला ठीक आहेत. पण गुहेत चालणार नाहीत."

तात्पर्य: बटाटे टिकवायचे तर कोरडे ठेवा. मान टिकवायचा तर धुऊन सडवा.

हसू नका. गेल्या साली माझीही पाटी गावाच्या वखारीतून अशीच बाहेर फेकली. फेकणाऱ्यानं नंतर माझ्याच घरी बसून रस्सा ओरपला. माफी अजून मागितलेली नाही. बाई, फळ्यावर त्याचं नाव लिहा: भागुजी ढमाले.