ढकलसर आणि कच्चं दूध

ढकलसर कुणाच्याही घरी गेले की चपला काढून थेट स्वयंपाकघरात शिरतात आणि दुधाच्या पातेल्याखालचा गॅस पेटवतात. मग बाहेर येऊन म्हणतात, "हां, आता बोला."

अवसरीच्या शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं. घरात ते आणि काकू, दोघंच. गोठ्यात चार मेंढ्या. 'ढकलसर' हे नाव पडलं एका लग्नाच्या पंगतीत. तिथं त्यांनी शेजारच्या पाहुण्याला बुंदीच्या लाडवावर लिस्टेरिया नावाचा जंतू समजावला.

"याला पाय न्हाईत, पावणं. पेशीत शिरला की तिथलंच प्रथिन आपल्या मागं रचून घेतो. असं." लाडवामागं ते सुटी बुंदी दाबत गेले, लाडू पुढं सरकत गेला. "बुंदी आपली, पान आपलं, ढकलणारं आपुनच. मधली भिंत फुगवून हा शेजारच्या खोलीत. पेशीभाईरच्या अंगणात उतरतच न्हाई, मग शरीराच्या राखणदाराला दिसणार कसा?"

लाडू पाहुण्याच्या पानात पोचला होता. पाहुणा म्हणाला, "मग आता खाऊ का नको, सर?"

मी कामगार संघटनेची पत्रकं लिहिणारा. म्हणालो, "म्हणजे मालकलोकांसारखंच की. पत्रकात घालतो."

"जंतूला मालक करू नको, राव. त्याला अक्कल नसती. मालकाला असती, म्हणून तर त्याला जाब इचारायचा."

यंदा माझी बहीण सुनीता सातव्या महिन्यात माहेरी आली. आई तिला रोज सकाळी धारोष्ण दूध द्यायची. कासेखालचं, तसंच कोमट. पोटातल्या जिवाला ताकद म्हणून. नुकतीच आमची एक गाय गाभडली होती, वासरू पोटातच गेलं. मुरघासाला, म्हणजे खड्ड्यात मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याला, बुरशी आली होती. वरची काढून खालचा आम्ही गुरांना घालतच होतो.

"असल्या चाऱ्यातनं त्यो लाडवाचा जंतू दुधात येतो, उकळल्याबिगर मरत न्हाई," म्हणत सरांनी सुनीताच्या हातातला पेला घेतला आणि पातेल्यात ओतला. आई भडकली. "आमच्या चार पिढ्या हेच प्यायल्या, सर. कोण मेलं?"

"मेलेलं सांगायला येत न्हाई, वहिनी."

रीत जुनी आहे म्हणून ती निर्दोष ठरत नाही, हे मी सभांतून ओरडून सांगत आलो. घरात मात्र ते सरांनी सांगितलं.

पुढच्या आठवड्यात सुनीताला बारीक ताप आला. आई म्हणाली, उन्हाचा असेल. सर रिक्षा घेऊनच दारात आले. "साधा निघाला तर गावभर शिव्या घाला मला."

मंचरच्या दवाखान्यात रक्त तपासलं. सरांचंच खरं निघालं, तोच लिस्टेरिया. शिरेतून औषध सुरू झालं. बाहेरच्या बाकावर मी विचारलं, "तुम्हाला एवढी खात्री कशी होती?"

सर म्हणाले, "आमच्या हिलाबी असाच ताप व्हता. सातव्यातच. धारोष्ण दुधाचा पेला रोज मीच भरून द्यायचो. मीच म्हणलो, साधा हाय."

सुनीताला मुलगी झाली, धडधाकट. बारशाला नाव आत्यानं सांगायचं असतं. आईनं ती रीत मोडली. सर आणि काकू मागं भिंतीशी उभे होते, त्यांना तिनं पाळण्याजवळ बोलावलं. "सर, नाव तुमी सांगा."

सर पाळण्याजवळ आले. "एक हाय, वहिनी. आमच्या घरात नुसतं पडून हाय. कुणाला लागलं न्हाई."

त्यांनी काकूंना पुढं केलं. पाळण्यात वाकून नाव काकूंनी सांगितलं.