अंगठा चालणार नाही

चैत्रातल्या एका सकाळी वनरक्षक मंदाकिनी गावित हिच्या सायकलीच्या गिअर केबलने अंगठा नाकारला आणि सही मागितली.

मंदाकिनी तेव्हा करवंदीच्या खिंडीकडे जाणाऱ्या चढावर होती. जंगलाचा तो भाग तिच्याकडे होता. जीपचा रस्ता पायथ्याशीच संपत असल्यामुळे खात्याने तिला जाड टायरची, नऊ गिअरची डोंगरी सायकल दिली होती. उन्हाळाभर रोज वर जायचं, कुठे धूर दिसतो का पाहायचं, दिसला तर वायरलेसवर कळवायचं आणि माणसं येईपर्यंत हिरव्या फांद्यांनी आग झोडपत राहायची, असं तिचं काम. दुसऱ्या वळणावर चढ एकदम अंगावर येतो. तिथे तिने हँडलखालची खटकी अंगठ्याने दाबली. काहीच झालं नाही. तिने पुन्हा दाबली.

"अंगठा निरक्षर माणसाचा घेतात," केबल म्हणाली. "आपण बारावी पास आहात. चेनची एका चक्रीवरून दुसऱ्या चक्रीवर बदली करायची, तर सहीचा आदेश लागेल."

मंदाकिनी खाली उतरली. "सात वर्षं अंगठ्यावरच चाललंय की."

"चालत होतं. नियमात नव्हतं."

केबलच्या आवाजात राग नव्हता, नुसती घरघर होती. मंदाकिनीने दैनंदिनीतलं एक पान फाडलं, 'चेनची बदली मोठ्या चक्रीवर करावी' असं लिहिलं, तारीख टाकली आणि खाली सही केली. केबलने आदेश योग्य असल्याचं मान्य केलं. मात्र बदली करता येत नसल्याचंही कळवलं. जुने बरेच आदेश केबलवरच्या नळीत अडकून पडले होते, आणि ते निकाली निघाल्याशिवाय नवा आदेश पुढे जात नव्हता.

"जुने म्हणजे केव्हापासूनचे?" मंदाकिनीने विचारलं.

"दोन उन्हाळे तरी झाले असतील. धूळ फार आहे."

मंदाकिनीने सायकल वळवली आणि उतरणीने थेट बाजारातल्या रज्जाकभाई पिंजारींचं दुकान गाठलं. रस्ताभर तिच्या मनात एकच तारीख घोळत होती.

गेल्या वर्षी नऊ एप्रिलला खिंडीखाली वणवा लागला होता. मंदाकिनीला पोचायला दीड तास उशीर झाला. तोवर सालईचं सगळं रान जळून गेलं, आणि मोहफुलं वेचायला गेलेल्या भिमीबाई वळवींचे दोन्ही हात भाजले. खात्याने खुलासा मागितला तेव्हा मंदाकिनीने लिहून दिलं, 'गिअर पडला नाही, सबब सायकल ढकलत न्यावी लागली.' वर्षभर ती हेच सांगत आली होती. येत्या गुरुवारी चौकशी होती.

रज्जाकभाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मग चांगलंच झालं ना, ताई," ते म्हणाले. "त्या दिवशी तुम्ही खटकी दाबली असेल, तर तो हुकूम आत असणारच. काढू."

त्यांनी चेन सर्वांत लहान चक्रीवर घेतली, केबल सैल केली आणि नळीचे तुकडे सायकलीच्या सांगाड्यावरच्या खाचांतून एकेक करून सोडवले. मग केबल नळीतून ओढून काढली. सबंध तार फडक्यात धरून पुसली. फडकं तांबडं झालं. पाटावर ठेवल्या ठेवल्या केबलची घरघर थांबली.

"ग्रीस कुणी लावलं होतं?"

"मीच. दर महिन्याला."

"तिथेच चुकलं. ग्रीस लावलं की धूळ मुक्कामाला येते. पातळ तेलाचा एक थेंब बास."

रज्जाकभाईंनी जुना पेपर पसरला आणि नळीत पिचकारीने रॉकेल सोडलं. दुसऱ्या टोकाने तांबडा चिखल आला, आणि चिखलासोबत आदेश बाहेर पडू लागले. नखाएवढे, पापुद्र्यासारखे पातळ. प्रत्येकावर तारीख आणि वळणाचा क्रमांक होता. रज्जाकभाईंनी चष्मा पुसला आणि चिमट्याने एकेक उचलून तारखेप्रमाणे पेपरवर मांडला.

गेल्या वर्षीच्या आठ एप्रिलचे दोन निघाले. त्यानंतर थेट अकरा एप्रिलचा.

मंदाकिनीने सगळे पुन्हा पाहिले. रज्जाकभाईंनी नळी उजेडाकडे धरून आरपार बघितलं. नळी स्वच्छ होती.

"एखादा गळून गेला असेल, ताई. एवढ्या खडखडाटात सांडतं काहीबाही."

"गळत नाही," पाटावरून केबल म्हणाली. "नळीला दोन्ही टोकांना टोप्या असतात. नऊ तारखेला आपण दुसऱ्या वळणावर थांबलात. अंगठा खटकीवर होता. दाबला नाही."

रज्जाकभाई उगाचच नळीची टोपी बसवून बघू लागले.

"धूर अंगावर आला होता," मंदाकिनी म्हणाली. "वारा खाली फिरला. मला वरचं काहीच दिसेना."

"हो," केबल म्हणाली.

रज्जाकभाईंनी समोरून चहा मागवला. मंदाकिनीने जुने आदेश पुढ्यात घेतले, प्रत्येकावर बारीक अक्षरात 'रद्द' लिहिलं आणि सही केली. तासभर लागला. तोपर्यंत रज्जाकभाईंनी तेलाचा थेंब सोडून केबल पुन्हा ओवली, ताण लावला आणि चक्री फिरवून पाहिली. मंदाकिनीने नव्या आदेशावर सही करताच चेन एका चक्रीवरून दुसरीवर गेली. आवाजही आला नाही.

गुरुवारी चौकशीला खात्याचे वाडिले साहेब कचेरीत आले. त्यांनी सायकल आत आणायला सांगितली. शिपायाने ती भिंतीला टेकवली. भिमीबाई साक्षीदार म्हणून बाकावर बसल्या होत्या. त्यांचे हात पदराखाली होते.

साहेबांनी फाईल उघडली. "खुलाशात गिअर पडला नाही असं म्हटलंय. केबलचं काय म्हणणं आहे?"

"केबलला नका विचारू, साहेब," मंदाकिनी म्हणाली. "मी आदेश दिलाच नव्हता. मी घाबरले. दुसऱ्या वळणावर दगडावर बसून राहिले. धूर जरा वर गेला, तेव्हा उठले."

साहेबांचं पेन थांबलं. "म्हणजे हा खुलासा?"

"खोटा आहे."

साहेबांनी नियमाप्रमाणे केबललाही विचारलं. केबलने 'निवेदन बरोबर आहे' एवढंच सांगितलं. मग त्यांनी भिमीबाईंना काही सांगायचं आहे का ते विचारलं.

"हिला मी वरून धुराच्या फटीतून बघितली होती," भिमीबाई म्हणाल्या. "दगडावर बसलेली. मला वाटलं, पोरीला काही झालं का. म्हणून मी हाका मारत खाली यायला लागले, तर मधेच जाळात सापडले."

मंदाकिनीने मान खाली घातली. साहेब म्हणाले, "बाई, हे वर्षभर तुम्ही बोलला का नाहीत?"

"हातांचं विचारलं सगळ्यांनी. हिचं कुणी विचारलं नाही."

साहेबांनी तेही लिहून घेतलं. मंदाकिनीच्या सेवापुस्तकात कर्तव्यात कसूर केल्याचा ठपका नोंदवला गेला. बाहेर आल्यावर ती भिमीबाईंना त्यांच्या पाड्यापर्यंत सोडायला गेली. सायकल हातात धरून दोघी चालत गेल्या. पाड्यावर पोचल्यावर भिमीबाईंनी पाणी दिलं. हातात तांब्या नीट धरता येत नव्हता, म्हणून मनगटांमध्ये धरून दिलं. मंदाकिनी प्यायली.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी खिंडीच्या अंगाला धूर दिसला. मंदाकिनीने वायरलेसवर कळवलं. माणसांना यायला तास लागणार होता. पायथ्याशी उभं राहून तिने एकत्रित आदेश लिहिला: पहिल्या वळणावर कोणती चक्री, दुसऱ्यावर कोणती, खिंडीपर्यंत कोणती. सही केली, कागद हँडलच्या क्लिपमध्ये अडकवला आणि निघाली.

पहिलं वळण गेलं. दुसऱ्याच्या अलीकडे वारा फिरला आणि धूर खाली येऊ लागला.

"पुढे धूर आहे," केबल म्हणाली.

"दिसतोय."

"आपण घाबरल्या आहात का?"

"हो."

"ते आदेशात लिहायची गरज नाही," केबल म्हणाली, आणि चेन मोठ्या चक्रीवर गेली.