ज्येष्ठेचा ओठ

महालक्ष्म्यांच्या आगमनाच्या सायंकाळी, मध्य प्रदेशातील बालाघाट येथील निवृत्त प्राध्यापक वीरेंद्र लांजेवार यांच्या राहत्या घरी, ज्येष्ठा देवीने स्वेच्छेने स्मितहास्य केले आणि ते अनेक भाविकांनी प्रत्यक्ष पाहिले, असे मोहल्ल्याच्या मातृशक्ती समितीने आपल्या अधिकृत निवेदनात म्हटले आहे. निवेदन मूळ हिंदीत आहे आणि त्यात विरामचिन्हांच्या जागी जोडलेल्या हातांची चित्रे आहेत. आशय मात्र हाच.

निवेदन तपासून पाहण्याजोगे आहे. देवीने स्वेच्छेने काही केल्याचा पुरावा नाही. मुखवटा शिवणीच्या लाकडाचा आहे, आणि त्या लाकडाला स्वतःची इच्छा असती तर ते जंगल सोडून लांजेवारांच्या घरी आलेच नसते. भाविकांनी तिला हसताना पाहिले, हेही खरे नाही. त्यांनी ती हसून झाल्यावर पाहिली. पुरावा आणि अफवा यांच्यामध्ये बहुधा एवढेच अंतर असते आणि ते ओलांडायला कोणाला तिकीट लागत नाही. 'राहत्या घरी' हे शब्द तेवढे निर्विवाद आहेत.

लांजेवार सरांचे दुःख असे की, देवी हसली याचा साऱ्या मोहल्ल्याला आनंद झाला आणि त्यांचे मात्र आयुष्य बुडाले. कारण देवीने हसू नये, यावर त्यांचे पुस्तक उभे होते.

घरात महालक्ष्म्यांचे दोन मुखवटे. धाकटी कनिष्ठा गोल गालांची, प्रसन्न. थोरली ज्येष्ठा मात्र रुसलेली. तिचा खालचा ओठ डावीकडे असा उतरलेला, की जेवायला बोलावून वाढायला विसरलेत असे वाटावे. सरांनी प्राचीन ग्रंथ चाळले. ज्येष्ठा ही लक्ष्मीची थोरली बहीण, म्हणजेच अलक्ष्मी. कावळ्याचे निशाण, गाढवाचे वाहन, आणि लोंबत्या ओठाची, म्हणून लंबोष्ठी. पुढे घराघरांनी तिला गोड करून टाकले, तिचे निशाण आणि वाहन काढून घेतले. पण वैनगंगेकाठच्या कोण्या अनाम सुताराने तो ओठ राखला, आणि तो आपल्याच देवघरात टिकला, असा सरांचा सिद्धान्त. तीस वर्षे ते घरोघरच्या देवी पाहत हिंडले, आणि शेवटी घरगुती देवीमूर्तींवरचा त्यांचा ग्रंथ त्या एका ओठावर येऊन टेकला. नागपूरच्या प्रकाशन संस्थेच्या संपादक डॉ. नूतन देवगडे महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी स्वतः येऊन तो ओठ पाहणार होत्या. त्यांची खात्री पटली की ग्रंथ छापायला जाणार होता, मुखपृष्ठावर ज्येष्ठा.

छायाचित्रासाठी म्हणून सरांनी उडालेला रंग नव्याने द्यायचे ठरवले. मुखवटे रंगवायचे काम बाबूलाल पेंटरकडे. एरवी तो भातगिरण्यांच्या पाट्या रंगवतो, त्यामुळे त्याच्या हातच्या देवीही थोड्या दुरून वाचता येतात.

"बाबूलाल, कपाळ रंगव, डोळे लिही, नथ लिही. खालच्या ओठाला हात लावायचा नाही."

"हौ सर."

"का नाही लावायचा, ठाऊक आहे?"

"नाही सर."

"हजार वर्षांची परंपरा आहे त्या ओठात."

बाबूलालने मुखवटा उजेडात धरून पाहिला. "दिसत नाही सर तेवढी," तो अदबीने म्हणाला.

डोळे लिहून झाले की मुखवट्याचे तोंड आगमनापर्यंत कोणी पाहायचे नाही, ही या घराची रीत. सरांची म्हातारी आई गोदाबाई ऑटोत बसून गेली आणि दोन्ही मुखवटे फडक्यात बांधून घेऊन आली. सरांनी फडके उचलून पाहिले नाही. लोकरीतींचा आदर करण्याचा त्यांचा स्वभावच होता. त्या एका आदराची त्यांना पुढे फार किंमत पडली.

सायंकाळी दारात कुंकवाची पावले उमटली. सरांची पत्नी ज्योत्स्ना सुपात मुखवटे घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"कोन आली?" आतून गोदाबाईने विचारले.

"ज्येष्ठा आली, कनिष्ठा आली."

"काय घेऊन आली?"

"धान आनलं, धन आनलं, सुख-समाधान आनलं."

मुखवटे धडांवर बसले आणि फडकी सुटली. ज्येष्ठा हसत होती. ओठ दोन्ही बाजूंनी सारखा, कोपरे किंचित वर. स्वयंपाकघरात कोणाची तरी फजिती ऐकून बाहेरच्या माणसांसमोर हसू आवरून बसलेल्या बाईसारखी ती दिसत होती.

"भाभी," समितीची चिटणीस असलेली शेजारीण रीना हळूच म्हणाली, "माता मुस्कुरा रही हैं."

"मुस्कुरा नहीं रही," सर म्हणाले. "रंगाया है उनको."

"भैया, रंगाने से कोई ऐसे मुस्कुराता है क्या?"

याला सरांकडे उत्तर होते, पण ते सतरा पानांचे होते. तेवढ्यात रीनाने फोटो काढून समितीच्या ग्रुपवर धाडून दिला. आरतीपर्यंत अंगणात चपलांना जागा उरली नाही. सर प्रत्येकाला सांगत होते, हा चमत्कार नसून ऑइलपेंट आहे. ऐकणारा हात जोडी आणि पुढच्याला सांगे, "एवढे शिकले हायेत, पन पाहा, जराबी घमंड नाही."

सरांनी बाबूलालला फोन लावला. तो लालबर्ऱ्याला एका गिरणीची पाटी रंगवत शिडीवर होता.

"ओठाचं काय केलंस?"

"सर, मी ओठाले हात नाही लावला. पहिले."

"पहिले म्हणजे?"

"मंग लावला."

"काहून?" सरांची प्रमाण मराठी येथे प्रथमच घसरली.

"घरून सांगतलं सर. तुमच्याच घरून."

"कोनं?"

"शपथ घातली हाय, नाव नाही सांगाचं. शिडीवर हाव सर. शपथ मोडली अन् पडलो तं अर्धी पाटी राहीन."

सरांनी तर्क चालवला आणि तो, तर्काच्या नेहमीच्या सवयीप्रमाणे, बायकोपाशी जाऊन थांबला.

"तू सांगितलंस बाबूलालला?"

"मी काहून सांगू?" ज्योत्स्ना आंबील घोटत होती. "तुमचं ध्यान त्या ओठावर होतं म्हणून तं माह्या घरातलं बाकीचं नीट चालत होतं."

आता एकच उपाय दिसत होता: मुखवटा उतरवून ओठ पूर्ववत करणे. सर धडाकडे सरकले, तशी गोदाबाई आडवी झाली.

"बसली ते आता उठत नाही. मूळ नक्षत्र लागल्याबिगर तिले उतरवाचं नाही."

"आई, ग्रंथात तसं कुठंच नाही."

"मंग तुह्या ग्रंथाले सांग उद्याच्या सोळा भाज्या चिरायले."

दुसऱ्या दिवशी सकाळी, बायका त्या सोळा भाज्यांत गुंतलेल्या असताना, सरांनी जे केले ते लिहिताना संकोच वाटतो. जुन्या मूर्तींना लिंपून, थापून विद्रूप करणाऱ्या अडाणी जीर्णोद्धारकांवर ज्या माणसाने आपल्या ग्रंथात एक अख्खे प्रकरण खर्ची घातले होते, त्यानेच चिमूटभर कणीक कुंकवात मळली, तिचा ओठ वळला आणि मुखवटा न उतरवता ज्येष्ठेला डावीकडून लावला. चार हातांवरून पाहिले तर काम वाईट नव्हते. हजार वर्षे परत आली होती.

डॉ. नूतन नागपूरहून गोंदिया-राजेगावमार्गे दुपारी पोचल्या. त्यांनी चष्मा बदलून मुखवटा पाहिला.

"सर, तुम्ही लिहिलंय अगदी तसाच आहे हो. लंबोष्ठीच."

तीस वर्षे ज्या वाक्याची वाट पाहिली ते हेच, हे सरांना कळले. आणि आपण ते ऐकतो आहोत ते कणकेविषयी, हेही त्याच क्षणी कळले. सांगून टाकावे, असे त्यांना वाटले. जिभेवर शब्द आलेही होते. पण दारात रीना समितीसह उभी होती.

"कल तो हँस रही थीं," ती म्हणाली.

"काल?" डॉ. नूतननी वळून विचारले.

"आज रूठ गईं. भैया ने सब के सामने बोला ना, चमत्कार नहीं है." रीना सरांकडे वळली. "भैया, माफी मांग लो. घर की बात है."

पाहुणी पाहत होती, आई पाहत होती, सोळा भाज्या निवत होत्या. सरांनी हात जोडून कणकेच्या ओठाची माफी मागितली. ती त्यांनी मनापासून मागितली, एवढे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

मग आरती सुरू झाली. तबकात तुपाच्या वाती भरपूर होत्या आणि समितीने ते आलटून पालटून देवीच्या अगदी तोंडाशी नेले. उबेने कणीक सैल पडली. ओठ आधी शास्त्रात सांगितला आहे तेवढा लोंबला, मग शास्त्राच्याही पुढे गेला. डॉ. नूतननी कॅमेरा डोळ्याला लावला होता.

"सर," त्या हलकेच म्हणाल्या, "हा उतरतोय."

ओठ हनुवटीपर्यंत आला, तिथे थोडा रेंगाळला, आणि खालच्या आंबिलीच्या वाटीत पडला. वर तेच कालचे हसू होते. घंटा थांबली.

"माता ने भोग ले लिया," रीना म्हणाली, आणि सगळी समिती एकदम खाली वाकली.

डॉ. नूतननी कॅमेऱ्याचे झाकण लावले. "कणीक साधारण कोणत्या शतकातली धरायची, सर?"

त्या नीट जेवल्या. निरोप घेताना ग्रंथाविषयी त्या काही बोलल्या नाहीत. पुरणाविषयी पुष्कळ बोलल्या. समितीचे दुसरे निवेदन त्यांची गाडी वळणाआड जाण्यापूर्वीच निघाले.

सर रिकाम्या पंगतीत बसून राहिले. ओठ उतरताना सारे घर देवीकडे पाहत होते. एकट्या गोदाबाईने मात्र मान खाली घालून पदर तोंडाला लावला होता, आणि तिला नवल वाटलेले दिसले नव्हते. पुढे काय होणार हे आधी एकदा पाहिलेले माणूसच असे बसते. आपण तीस वर्षे गावोगावच्या म्हाताऱ्यांना त्यांच्या देवींविषयी विचारत हिंडलो, हे सरांना आठवले. दर भाद्रपदात हा मुखवटा पुसणारी म्हातारी घरातच होती. तिला काही विचारल्याचे त्यांना आठवेना.

ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि तिच्यासमोर पाटावर बसले.

"आई, कवाचा हाय वो तो ओठ?"

समितीची दोन निवेदने आणि सरांचा एक ग्रंथ असे तीन दस्तऐवज येथे बाद होतात. उरतो तो जबाब. तो शब्दशः असा:

"हौ, मीच सांगतलं बाबूलालले, शपथबी मीच घातली. माह्या लग्नाचं पहिलं वर्स होतं. पुसता पुसता मुखवटा हातातून सुटला, पाट्यावर आपटला, ओठाचा टवका उडाला. तवा ज्येष्ठा हासत होती, बापू, धाकटीपरीस गोड हासत होती. घरात चुड्यांची लाख होती, बिरश्याच्या बाजारातली. दिव्यावर गरम केली अन् लावली. तं सासू आंगनातून येऊन राह्यली होती, मले घाई झाली. तिनं पाह्यलं अन् म्हनलं, नवी सून आली अन् देवी रुसली. मंग घरात जे बी वाईट झालं ते माह्याच पायगुनानं झालं. मी बोलली नाही. तू लहान होता तं तिचं तोंड पाहून रडे. मोठा झाला तं त्याच्यावरच पुस्तक लिवाले बसला. आता तूच सांग, मी कवा सांगाव? मले वाटलं, पाहुनी येईन, फोटू निंघन, तं तिच्या तोंडाचा निंघावा, माह्या चुकीचा नाही. म्हनून लाख काढाले लावली, टवका भराले लावला. तुह्या पुस्तकाचं मले वाईट वाटते, लय वाटते. तवा जराक थांबली असती, लाख थंडी होऊ देली असती, तं ओठ उतरलाच नसता. अन् तुलेबी एवढं लिवा लागलं नसतं."