डावीकडे खेचणारी बंदूक

गेल्या मे महिन्यात, उकाडा ऐन भरात असताना, मानपाड्याच्या आमच्या इमारतीत सातव्या मजल्यावरचे जनार्दन भोईर पत्नीसह बेडरूममधून हॉलमध्ये झोपायला आले. एसी बेडरूममध्ये आहे. हॉलमध्ये पंखा. एसीच्या खोलीत, दोन कुलपांच्या जाळीदार कपाटात, त्यांची वडिलोपार्जित शिकारी बंदूक राहते. दमट हवेत तिचं लाकूड फुगतं आणि नेम बिघडतो, असं त्यांचं म्हणणं. सुमनवहिनी पाहुण्यांना एवढंच सांगतात, "आत नका जाऊ, ती झोपलीय."

मी सहाव्या मजल्यावर राहतो. इमारतीच्या जागी पूर्वी भोईरांची भातशेती होती. शेत बिल्डरकडे गेल्यावर जनादादांना करण्यासारखं फारसं उरलं नाही, त्यामुळे जे करतात ते कसून करतात. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "माणूस नाय चुकत, माल चुकतो." भाकरी करपली तर तवा हलका. पुतण्या बारावीला नापास झाला तेव्हा त्यांनी त्याचं पेन तपासलं. सोसायटीच्या निवडणुकीत स्वतः पडले, तर मतपेटीची फट अरुंद निघाली.

हे वाक्य कुठून आलं ते गावाला ठाऊक आहे. त्यांचे वडील धर्माबाबा तरुण असताना भातात रानडुक्कर शिरलं. परवाना पीक राखण्याचा होता. धर्माबाबांनी बांधावर बसून गोळी झाडली. डुक्कर समोर होतं. गोळी डावीकडे सरपंचांच्या छपराची दोन कौलं फोडून गेली. बंदूक डावीकडे खेचते, असं धर्माबाबा तेव्हापासून सांगत आले. कोणी मानलं नाही. कुणाचंही छप्पर गळलं की गावात "धर्माचं डुक्कर आलं" म्हणतात. आता कौलं राहिली नाहीत, पण नव्या टॉवरचे स्लॅब गळतात, आणि बिल्डरला दिलेल्या एका लेखी तक्रारीतही हे वाक्य मी वाचलं आहे.

धर्माबाबा नव्वदीला टेकलेत आणि तीन वर्षांपासून त्याच फ्लॅटमध्ये अंथरुणावर आहेत. ते आहेत तोवर चूक बंदुकीची होती हे सिद्ध करायचं, असं जनादादांनी ठरवलं. तर्क साधा होता. बंदूक दुरुस्त करून सुधारली, म्हणजे ती आधी बिघडलेली होती.

मग काम सुरू झालं. नळी आणि लाकूड यांच्यामध्ये ते कागदाची पट्टी सरकवत. जिथे पट्टी अडे तिथे लाकूड नळीला टेकतं, म्हणून तेवढं पॉलिशपेपरने घासत. सोमवारी घासत आणि मंगळवारी पुन्हा पट्टी सरकवत. सगळ्या नोंदी वहीत. ठाण्यातले एक जुने बंदूक-कारागीर महिन्यातून एकदा ते काम तपासत आणि बरंचसं जनादादांना कळू न देता निस्तरत.

विधानसभा निवडणुकीला नेहमीप्रमाणे परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या होत्या. जनादादा बुटांच्या खोक्यांतल्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या घेऊन गेले. त्यासाठी त्यांनी अख्ख्या इमारतीतले खोके उचकले होते. बंदूक उभी ठेवा, भिंतीला टेकवू नका, आणि तसं पावतीवर लिहून द्या, अशी त्यांची मागणी होती. हवालदाराने पुड्या मोजून घेतल्या आणि म्हणाला, "दादा, आरोपीला पण एवढं जपत नाय आम्ही."

डिसेंबरात एका रविवारी सकाळी कारागिरांच्या ओळखीने रायफल क्लबच्या मैदानावर चाचणी झाली. मी सोबत होतो. वाळूच्या पिशवीवर टेकवून कारागिरांनी पाच गोळ्या झाडल्या. निशाणाच्या कागदावर पाचही भोकं मधोमध, आमटीच्या वाटीखाली झाकतील एवढ्यात. मी अभिनंदन केलं.

जनादादांनी विचारलं, "आधी किती डावीकडे जात असेल?"

कारागीर म्हणाले, जात नसणार. लाकूड फुगलं ते फ्लॅटमध्ये आल्यावर, हल्लीच. नळी पहिल्यापासून सरळ आहे. नेम धरायच्या मागच्या खाचेचा स्क्रूसुद्धा कारखान्यातून निघाल्यापासून कुणी हलवलेला नाही.

"म्हणजे बंदुकीत काय नव्हतंच?"

"काही नव्हतं. उत्तम बंदूक आहे तुमची."

जनादादा बाकावर बसले. वहीत त्यांनी काही लिहिलं नाही. मग उठून कारागिरांकडे स्क्रू-ड्रायव्हर मागितला, स्वतःच्या हाताने ती खाच डावीकडे सरकवली, नवा कागद लावायला सांगितला आणि पाच गोळ्या झाडल्या. पाचही वीतभर डावीकडे गेल्या. पहिला कागद जनादादांनी फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि दुसरा गुंडाळून काखेत घेतला. परतीच्या रिक्षात ते माझ्याशी पाण्याच्या टँकरबद्दल बोलले.

घरी आल्यावर त्यांनी धर्माबाबांना उशीला टेकवून बसवलं, चष्मा लावला आणि कागद समोर धरला. धर्माबाबांनी एकेका भोकावर बोट ठेवलं.

"तीच ना ही? हिला काय केलं नाय ना तू?"

"हात पण नाय लावला, बाबा."

धर्माबाबांनी दाराशी उभ्या असलेल्या सुमनवहिनींकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी सांगलेला," ते म्हणाले.

त्या दुपारी त्यांनी गावातल्या चार घरी फोन लावायला सांगितले. चारही फोन जनादादांनी लावून दिले. कागद धर्माबाबांच्या पलंगासमोर भिंतीला चिकटवलेला आहे. भोकं पाच आहेत. पाचही डावीकडे.