ज्योतीरामची गेलेली बोटं

एखादं काम जमत नसलं तर माणसानं गप बसावं. ज्योतीरामला नाटकात काम मिळालं होतं, ते त्याला जमत नव्हतं, आणि गप बसणं त्याच्या पत्रिकेत नव्हतं.

महाळुंग्यातल्या त्याच्या कंपनीत (नाव कशाला घ्या, पत्रे दाबून गाड्यांचे भाग काढतात, म्हणजे तिथल्या निम्म्या कंपन्यांसारखीच) दर मार्चला सेफ्टी वीक असतो आणि सेफ्टी वीकला कामगारांचं नाटक असतं. आजूबाजूच्या धरून चार कंपन्यांची चुरस, परीक्षक, घरच्यांना आमंत्रण, वर पोहे. यंदाच्या नाटकात एका कामगाराची दोन बोटं प्रेसखाली जातात आणि तो तसाच घरी येतो. हे काम ज्योतीरामला दिलं. एकोणीस वर्षं प्रेसवर काढून दहाच्या दहा बोटं शाबूत असलेला माणूस. एचआरमधल्या मिहिरसाहेबांनी (वय पंचवीस, कॉलेजात नाटकं केलेली) त्याला रांगेतून बाहेर काढलं. म्हणाले, "काका, तुमचा चेहरा आधीपासूनच दुःखी आहे. अर्धं काम झालं."

उरलेलं अर्धं काही होईना. तालमीत बोटं गेली की ज्योतीराम "आई गं" असं ओरडायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं सुटलेली बस थांबवतोय.

"काका, हे खोटं वाटतंय," मिहिर म्हणाला. "नटानं नाटक करायचं नसतं. जगायचं असतं."

"जगतोयच की साहेब. पहिल्या शिफ्टला."

"तसं नाही. बोटं गेली हे आधी तुम्हाला स्वतःला पटलं पाहिजे. घरी दोन बोटं न वापरता जेवून बघा. शर्टाची बटणं लावून बघा. घरच्यांना खरं वाटलं ना, तर पब्लिकला वाटणारच."

यातलं जेवण आणि बटणं ज्योतीरामनं सोडून दिली आणि शेवटचं वाक्य तेवढं उचललं. त्याला कारण होतं. दिवाळीत बायकोच्या, विजयश्रीच्या, भावाला मुतखडा झाला तेव्हा ती तीन दिवस पदर डोळ्याला लावून बसली होती. मुतखड्यासाठी. आणि एकोणीस वर्षं रोज मशिनच्या जबड्यात हात घालून येणारा नवरा दारात दिसला, की ती म्हणायची, "डबा घासायला टाका." आपल्यासाठी ही बाई रडेल का, हे ज्योतीरामला कधीचं विचारायचं होतं. पण असलं बायकोला विचारता येत नाही. विचारलं तर ती म्हणणार, काम न्हाई का तुमास्नी. तेव्हा त्यानं ठरवलं, विचारायचं नाही, बघायचं. पाच मिनिटं. रडली की पट्टी सोडायची, हसायचं, चहा मागायचा.

शिफ्ट सुटल्यावर त्यानं मेडिकलमधून पट्टी आणि आयोडीन घेतलं. उजव्या हाताची मधली दोन बोटं तळहातात दुमडली, वरून पट्टी आवळली, आयोडीन सांडलं. दिसायला इतकं वाईट दिसायला लागलं की त्याचं त्यालाच भडभडून आलं. (याला अभिनय म्हणतात असं त्याला वाटलं.) असा तो खराबवाडीतल्या आपल्या खोलीवर चारच्या सुमाराला दारात उभा राहिला.

विजयश्री मेथी निवडत होती.

"आगं," तो म्हणाला, "माझा हात गेला."

तिनं वर बघितलं. आधी हाताकडं, मग तोंडाकडं.

"डावा का उजवा?"

ज्योतीराम थबकला. हे त्याच्या तालमीत नव्हतं. "उजवा," त्यानं सांगितलं.

"किती?"

"दोन."

"अंगठा हाय?"

"हाय."

तिनं श्वास सोडला. "मग बसा."

भांडं भरून पाणी आणलं, त्याच्या डाव्या हातात दिलं. रडली नाही. गॅस बंद केला. ज्योतीराम तिच्या डोळ्यांकडं बघत राहिला आणि डोळे कोरडे ठणठणीत. मग तिनं विचारलं, "बोटं कुठं हायत?"

"कोणाची?"

"तुमची. डॉक्टरनं मागितली न्हाईत? बर्फात घालून नेली की शिवत्यात आता. कुठं टाकली?"

या गावात बायकांना हे ठाऊक असतं. बारशाला काय करायचं हे जसं ठाऊक असतं, तशी कापलेल्या बोटाचं काय करायचं ही माहिती इथं घरोघर असते. ज्योतीरामला मात्र आपली बोटं कुठं असतील हे काही सुचेना. म्हणाला, "तिथंच राह्यली. मशिनपाशी."

"म्हंजी झाडून स्क्रॅपमधी टाकली असत्याल. स्क्रॅपची गाडी कवा जाती?"

"पाचला," ज्योतीरामच्या तोंडून खरं ते निघून गेलं. अख्ख्या दुपारात तेवढंच.

तिनं घड्याळ बघितलं. फ्रिजमधला बर्फ काढला, ज्योतीरामच्याच जेवणाच्या डब्यात भरला, झाकण लावलं आणि चपला घातल्या.

"आगं, ऐक तरी," ज्योतीराम उठत म्हणाला.

"उठू नका. हात हालवू नका." आणि दारातून तिनं हाक मारली, "कुसुमताई, रिक्षा काढायला सांगा. ह्येंची बोटं आणायचीत."

शेजारच्या कुसुमताईंचा नवरा रिक्षावाला. तो अंघोळीला बसला होता, तसाच डोक्याला साबण घेऊन निघाला. रिक्षा गेली. आणि ज्योतीराम तिच्या मागं धावणार, एवढ्यात आतल्या खोलीतून त्याची आई आली, रुक्मिणीबाई. वय अठ्ठ्याहत्तर. तिनं पट्टी बघितली आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली.

ही रडली. अशी रडली की गल्ली गोळा झाली.

"अरं माझ्या लेकाचा उजवा हात गेला रं. आता मी मेल्यावर माझं मडकं कुणी धरायचं रं."

"आई, डाव्यानं धरीन," ज्योतीराम म्हणाला.

"डाव्यानं धरलं तर मी वर पोचंन का?"

यावर गल्लीत दोन तट पडले. कुसुमताईंच्या मते खांद्यावरचं मडकं डाव्या हातानं धरलं तरी चालतं, पाठीमागच्या बाईंच्या मते भटजीला विचारलेलं बरं. खोलीत पंधरा बायका, दारात आठ पुरुष. कुणी हळदीचं दूध आणलं, कुणी ते त्याच्या डाव्या हातात दिलं. ज्योतीरामनं तीनदा तोंड उघडलं. पण तेवीस माणसं आपल्यासाठी हळहळत असताना मी खोटं बोललो असं म्हणायला छाती लागते, आणि ती छाती असती तर त्यानं बायकोलाच सरळ विचारलं नसतं का?

तेवढ्यात आबाजी आले. कोपऱ्यावरच्या गोडाउनचे वॉचमन. तरुणपणी प्रेसवरच होते, उजव्या हाताची तीन बोटं तिथंच ठेवून आलेले. त्यांना बघून माणसं बाजूला झाली. अशा दुखण्यात गल्लीत त्यांचाच मान. त्यांनी सगळ्यांना बाहेर घालवलं, दार ओढून घेतलं आणि ज्योतीरामसमोर बसले.

"कवा गेली?"

"आज. दीडला."

आबाजी त्याच्या हाताकडं बघत राहिले. "आन् हात मांडीवर ठिवलायस."

ज्योतीरामनं हात घाईघाईनं वर उचलला.

"कापलेला हात खाली धरवत न्हाई, लेका. रक्त उतरतं, ठणका टाळूत जातो. मी बारा दिवस असा छातीशी धरून झोपलो, तान्ह्या लेकरावाणी." त्यांनी आपला दोन बोटांचा हात छातीशी नेऊन दाखवला. "कशापायी करतोस ह्ये?"

"नाटकासाठी," ज्योतीराम पुटपुटला. "सेफ्टी वीकचं हाय. बोटं गेल्यावर मला ओरडता येईना."

"कोण ओरडतं?" आबाजी म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचाच होता. "मी न्हाई ओरडलो. मला वाटलं हातमोजा अडकला. मी हातमोजा ओढत व्हतो. शेजारी व्हता त्यो ओरडला. त्याला दिसलं न्हवं का. मला मागनं दिसलं."

बाहेर रुक्मिणीबाई मडक्याचंच बोलत होती.

"मग मी काय केलं, ठाऊक हाय?" आबाजी म्हणाले. "मी सुपरवायझरला म्हनलं, साहेब, मशिन खराब न्हाई झालं. पयली भीती ती वाटली. ह्ये तुझ्या नाटकात घाल जा. कुणाला खरं वाटायचं न्हाई." मग त्यांनी विचारलं, "विजयश्री कुठं गेली?"

"बोटं आणायला."

"कुठनं?"

"स्क्रॅपमधनं."

आबाजी उठले. "अरं गाढवा, पत्र्याच्या स्क्रॅपात ती मोकळ्या हातानं उचकंल. सुरीची धार असती एकेका तुकड्याला. पळ आदी."

ज्योतीराम खरोखर पळाला. पट्टी सोडायचं भानही राहिलं नाही. पण गल्लीच्या तोंडाशीच कंपनीची पांढरी गाडी आडवी आली आणि तिच्यातून सेफ्टीवाले साहेब, मिहिर आणि विजयश्री उतरले.

कंपनीत काय झालं ते त्याला मागाहून कळलं. गेटवर विजयश्रीनं डबा दाखवून सांगितलं, "आमच्या मालकांची बोटं आत राह्यलीत, तेवढी घिऊन जाते." गेटच्या बोर्डावर त्या दिवशी लिहिलेलं होतं, अपघाताविना ३९८ दिवस. चारशे भरले की परदेशातले साहेब केक कापायला येणार होते. त्यामुळं सुपरवायझरनं अपघात लपवला असं सगळ्यांना धरूनच चालावं लागलं. लाईन बंद झाली. स्क्रॅपची गाडी गेटातून मागं आणली, रिकामी केली, आणि दहा माणसं चाळीस मिनिटं ज्योतीरामची बोटं शोधत होती. अकरावी विजयश्री. तिला हातमोजे द्यायचं सेफ्टीवाल्या साहेबांच्या लक्षात आलं नाही.

गाडीतून उतरली तेव्हा तिच्या डाव्या हाताला पट्टी होती. पट्टीच्या कडेनं लाल उमटलेलं होतं, आयोडीनपेक्षा काळपट. तिनं तो हात छातीशी धरला होता. उजव्या हातात डबा.

"सापडली न्हाईत," ती ज्योतीरामला म्हणाली. "सगळं उचकलं. म्या बघितलं समदं."

"ज्योतीराम," सेफ्टीवाले साहेब गडबडीनं म्हणाले, खिशातून कागद काढत, "घाबरायचं नाही. फक्त यावर सही कर. बोटं घरी दारात चेंगरली, कामावर काही झालं नाही."

"साहेब, कामावर खरंच काही झालं न्हाई."

"शाब्बास. असंच बोलायचं. कुणीही विचारलं तरी असंच."

"न्हाई साहेब, माझी बोटं हायत."

"अरे, एवढं पण नको. दारात चेंगरली, एवढंच पुरे."

तेव्हा ज्योतीराम पट्टी सोडायला लागला. डाव्या हातानं, वेंधळ्यासारखी, मैलभर पट्टी. गल्ली बघत होती. शेवटी तळहात उघडला आणि दोन बोटं उभी राहिली. आवळून पांढरी पडलेली, पण होती.

मिहिरनं मान खाली घातली. विजयश्रीनं डबा खाली ठेवला, नवऱ्याचा हात हातात घेतला आणि एक एक बोट वाकवून बघितलं. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. मग पुन्हा. आणि मग तिथंच रस्त्यात बसून ती रडायला लागली. ऊर फुटेस्तोवर रडली. ज्योतीरामला जे बघायचं होतं ते अखेर दिसलं, आणि आता ते थांबावं म्हणून काय करावं हे त्याला कळेना.

"मघाशी रडली न्हाईस ती," त्याच्या तोंडून निघून गेलं. (जीभ ही दहा बोटांपेक्षा धोक्याची, तिला हातमोजा नाही.)

"मघाशी येळ कुठं व्हता?" ती म्हणाली. त्यानंतर कित्येक दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. पुढं घरात मुका कारभार सुरू झाला. जेवण वेळेवर, पण ताट पाटावर ठेवून ती आत. तो जेवणाचा डबा तिनं पुन्हा भरला नाही. माळ्यावर टाकला आणि चिवड्याचा जुना डबा काढला. तिच्या बोटाला चार टाके पडले होते. बोर्डावरचा आकडा काही शून्यावर आला नाही, कारण बाहेरच्या माणसाला लागलेलं त्यात धरत नाहीत.

ज्योतीरामला काढून टाकलं नाही. काढायचं तर कारण लिहावं लागलं असतं. मात्र नाटक बदललं. अपघात दाखवायचाच नाही असं वरून आलं. आता नाटकातला कामगार दोन्ही हातांनी प्रेसची दोन्ही बटणं दाबतो, म्हणजे हात आत जातच नाहीत, काही होत नाही, आणि तो आनंदानं घरी येतो. काम ज्योतीरामकडंच ठेवलं, दुसऱ्याला शिकवायला दिवस नव्हते.

"सोपं आहे काका," मिहिर म्हणाला. "जगायचं सुद्धा नाही. फक्त घरी यायचं."

नाटकाच्या दिवशी मंडप गच्च भरला. पहिल्या रांगेत विजयश्री बसली होती. ठेवणीतलं लुगडं, मांडीवर चार टाक्यांचा हात. रंगमंचावर पुठ्ठ्याचं दार, दाराच्या आत कंपनीच्या क्वालिटी विभागातली अबोली बायको होऊन उभी. ज्योतीराम दारात आला, समोर बघितलं, आणि त्याला पहिल्या रांगेतलीच बायको दिसली. हात कुठं ठेवावेत कळेना, म्हणून त्यानं ते पाठीमागं नेले.

"आलात?" अबोली म्हणाली. इथं त्यानं हसून "आलो" म्हणायचं होतं.

"काही झालं न्हाई," ज्योतीराम म्हणाला.

मंडपात चुळबुळ झाली. "हात दाखीव की," मागून कुणीतरी म्हणालं. अबोलीचा रंग उडाला, तिनं खरंच वाकून त्याच्या पाठीमागं बघितलं. त्यानं हात आणखी मागं नेले.

परीक्षकांनी शेवटी कागद वाचला. ज्योतीराम यांच्या अभिनयात घरी सुखरूप आलेला माणूस कुठंही दिसला नाही, प्रेक्षकांना शेवटपर्यंत ते खोटं वाटलं, सबब कंपनीला चौथा क्रमांक. चार कंपन्यांत.

पोहे खाऊन दोघं रिक्षात बसले. कुरुळीच्या फाट्यापर्यंत विजयश्री बाहेर बघत होती. मग नऊ दिवसांनी पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली.

"दहा बोटं घिऊन घरी यायचं, एवढंच काम दिलं व्हतं तुमास्नी. त्ये बी जमलं न्हाई."