गेनूचा मागचा दिवा

सन दोन हजार तीन. मला पंचावन्नावं चाललं होतं, आणि माझा थोरला भाऊ गेनू नारायणगावच्या दुकानात उभा राहून सायकलच्या दिव्याचे सेल जिभेला लावून बघायचा. एका टोकाला तार धरायची, दुसरं टोक जिभेवर, डोळे मिटलेले. दुकानदार पोपटशेठ कपाळाला हात लावायचा.

"गेनूभाऊ, आवो चार्जिंगचा सेल हाये त्यो. पेढा न्हाई."

गेनू जीभ आत घ्यायचा आणि निकाल द्यायचा, "दम न्हाई. दुसरा काढ."

दम हा त्याचा आवडता शब्द. चहात दम, बैलात दम, पुढाऱ्याच्या भाषणात दम. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं, पण सेलावरचा आकडा मोठा तर सेल लांबवर पुरतो, एवढं त्याला कळलं होतं. दोन सेल हातात घेऊन, जनावरांच्या बाजारात दात बघावेत तसा तो आकडे बघायचा.

पोपटशेठ म्हणायचा, "त्यापरीस डायनामो घ्या ना. सेलाची कटकटच न्हाई."

"डायनामो पाय थांबला की इझतो. मला थांबल्यावर दिवा पायजे."

"थांबल्यावर कशाला लागतो राव दिवा?"

"लागतो."

हे सगळं मला कसं ठाऊक? मी शेजारच्या दुकानात दोरीचा भाव करत उभा असायचो. आम्ही दोघं बोलत नव्हतो. माझ्या थोरल्या लेकीच्या लग्नात, मांडवडहाळ्याच्या दिवशी, मासवडीच्या रश्शात गेनूनं मला न विचारता पाणी ओतलं. पावणे जास्त आलेत, पुरवायला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. पंगतीत एक जण बोलला, "रस्सा हाये का कालवा सुटलाय?" त्या दिवसापासून मी गेनूशी शब्द बोललो नाही. रस्सा पुरला असता, असं माझं आजही मत आहे.

आम्ही दोघं पारगावच्या बाजूला साखर कारखान्यात हंगामी कामगार. तो उसाच्या गाड्या लावायला यार्डात, मी गोदामात पोती शिवायला. थंडीत आमची सुट्टी व्हायची ती दिवे लागल्यावर. वस्तीवर जायला कालव्याची वाट. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला पाणी, मधे खडी.

आणि मला दिवस मावळला की दिसत नाही. जन्मापासूनचं आहे, आईलाही होतं. गोदामात मोठे दिवे, तिथं अडचण नव्हती. पण कारखान्यात कळलं असतं तर पुढच्या हंगामाला माझं नाव लागलं नसतं. म्हणून मी कोणाला बोललो नाही. बायकोलाही सांगायचो, पाय दुखतात, अंधाराचं मला कुठं पाठवू नको. गेनूला मात्र माहीत होतं. लहानपणी सांज झाली की मी त्याच्या सदऱ्याचं टोक धरून चालायचो.

तर कारखाना सुटला की गेनू पुढं, मी माझ्या सायकलवर मागं. त्याच्या सायकलच्या मडगार्डावर लाल दिवा. मला बाकी सगळा काळा कोळसा, तेवढा एक लाल ठिपका दिसायचा. तो वळला की मी वळायचो. रस्त्यावर सांडलेला उजेड कोणाच्या मालकीचा नसतो, त्यामुळं मी काही त्याच्या उपकारात नव्हतो. तो अधूनमधून थांबायचा. मडगार्ड हातानं पुसायचा, दिव्याशी बोलायचा, "इझू नको बाबा, वाट लांब हाये." मी जवळ आलो की निघायचा. कुठं खड्डा आला की उसाकडं तोंड करून ओरडायचा, "डावीकडं खड्डा पडलाय की रं!" उसानं काय करायचं ते करावं. मी उजवीकडून काढायचो.

साध्या सेलावर त्याचा राग. "त्यो आज थोडा मरतो, उद्या थोडा. माणसाला कळत बी न्हाई. चार्जिंगचा शेवटपातुर ताठ."

पण चार्जरमधे एका वेळी दोनच सेल बसायचे आणि आमच्याकडं वीज म्हणजे पावणी. आली की घरातल्या एकुलत्या एका प्लगसाठी वहिनीचं आणि त्याचं भांडण. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं.

"आवो, मिक्सर लावू द्या! का तुमच्या ह्या पोरांना दूध पाजत बसू?"

"मिरची पाट्यावर वाट. सेल पाट्यावर वाटता येत न्हाई."

चार्जरमधे जे चालत नव्हते ते जुने साधे सेल तो पत्र्यावर उन्हात घालायचा, कुरडयांच्या शेजारी. उन्हानं सेलात जीव येतो म्हणे. वस्ती हसायची, मीही हसायचो. ते सेल कुठं जातात, हे मी कधी बघितलं नाही.

हंगाम संपत आला होता. त्या दिवशी अंधार पडल्यावर कालव्याच्या वाटेवर उसाची एक ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. ना दिवा, ना मागं चकाकणारी पट्टी, ना माणूस. मला अर्थातच काही दिसलं नाही. आवाज आला, आणि पुढचा लाल ठिपका एकदम खाली गेला. खाली गेला, पण पेटताच राहिला.

मी सायकल टाकली. पाय चाचपत त्या लाल ठिपक्याकडं निघालो.

"सरळ ये," गेनूचा आवाज. "उजव्या अंगाला पाणी हाये. उसाकडनं ये."

"गप पड तू."

"दिसतंय का?"

"तुझा दिवा दिसतोय. तुला एवढी ट्रॉली दिसली न्हाई व्हय?"

मी त्याला धरायला वाकलो तर हात त्याच्या पुढच्या दिव्यावर पडला. बटण चालू होतं. काचेला डोळा लावला तेव्हा आत काजव्याएवढा तांबूस उजेड. पत्र्यावर शेकलेले सेल ते.

"चांगले दोनच व्हत्यात रोज," तो म्हणाला. "मागं घालतो." आणि मग कण्हायला लागला.

मी आरडाओरडा केला. उसातनं माणसं आली, जीप आली. खुब्याचं हाड मोडलं होतं. नारायणगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, सायकलचं आता विसरा. पुढं काठीवर थोडे दिवस काढले त्यानं, मग अंथरुणावर, आणि त्यातच गेला.

पण ते नंतरचं. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्यावर चालत गेलो. टाइमकीपरच्या खिडकीला रांग होती. माझी पाळी आली तेव्हा मागच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं,

"सायेब, दिवस मावळला की मला दिसत न्हाई. जन्मापासनं. उजेडात सुटंल असं काम असंल तर द्या. नसंल तर नाव काढा माझं."

त्यानं पेन खाली ठेवला. "आवो बाबा, मग इतके हंगाम रोजचं घरी कसं जात व्हता तुमी?"

"भावाच्या मागं," मी म्हणालो.